पावती पुस्तक

पहिलं नाव लोको इलेव्हन.
त्यावर काट मारून, शाईनं: लोको-मिशन.
त्यांच्याकडं चेंडू होता, यांच्याकडं मैदान.
तम्मण्णा मगदूम म्हणाले, सोयरीक अशीच जुळते.

जर्सी दोन रंगांच्या. नव्या शिवायला पैसे कुठले?
सगळ्या एका पातेल्यात उकळल्या.
निघाला तो रंग अजून कुणाला सांगता येत नाही.

मग सतारमेकर गल्ली आली, गोलकीपर दस्तगीरसकट.
बोटं जपून अडव रे, बाप लाइनीबाहेरून ओरडायचा,
उद्या तारा चढवायच्यात.
एकदा अंगठा मोडला. गोल झाला नाही.
एक सतार उशिरा गेली पुण्याला.

शेवटी कुपवाडची कारखान्यातली पोरं.
नाव एवढं लांबलं की शिक्क्यात मावेना.
सभा रात्री एकपर्यंत,
कुणी आपलं अक्षर सोडेना.
म्हणून शिक्क्यावर नुसतं मिरज
आणि खाली पिन कोड.

पुस्तक मात्र जुनंच आहे, संपलेलं नाही.
सॅम्युएल वाघचौऱ्यांची बायको
दर जूनला वर्गणी आणून देते,
म्हणते, मिशनच्या नावानं फाड.

मी फाडतो.