किरकोळ

रकाना सातवा : अंदाजपत्रक, कारणांसह.
प्राणवायू मोजायचा मीटर, एक.
बाटल्या, झाकणासकट, दोनशे.
बोटीचं पेट्रोल, अठरा फेऱ्यांचं.
मग ओकुमूंपाशी येऊन हात थांबतो.

किसुमूत वीज गेलीय. लॅपटॉपमध्ये
एकतीस टक्के जीव.
अर्ज मध्यरात्री बंद, पण जिनिव्हाच्या मध्यरात्री,
म्हणजे मला तासभर जास्तीचा.
खाली आई वाळलेला ओमेना पोत्यात भरतेय,
तिच्या हातांना दिवा लागत नाही.

वाफुला सर म्हणाले होते,
बोटवाल्याला 'किरकोळ'मध्ये टाक, अपोंडी.
सगळे तसंच करतात.

किरकोळ.
गेल्या मार्चात जलपर्णीचा थर आखातात सरकला.
माझ्या नकाशावर तिथे पाणी होतं, नुसतं निळं.
ओकुमूंनी इंजिन बंद केलं,
वल्ह्याचं टोक थराखाली घातलं, वर काढून हुंगलं.
म्हणाले, इथं मासा बघू नकोस,
हे पाणी परवापासून श्वास घेत नाहीये.
उसन्या मीटरने पुढच्या आठवड्यात
तेच सांगितलं, दशांशचिन्हासकट.

माझं तिसरं प्रकरण
त्या वल्ह्याच्या टोकाला लटकलंय.
तळटीपेत काय लिहू, खासगी संभाषण?

मागे जाते. रकाना चौथा : सहसंशोधक.
नाव : जोसेफात ओकुमू ओलुओच.
पदवी. रिकामी सोडता येत नाही.
चाळीस वर्षं, असं लिहिते.
संस्था : डुंगा किनारा.
'ही संस्था यादीत नाही. तरी पुढे जायचं?'
हो.

मानधन माझ्याइतकंच. बेरीज मर्यादेबाहेर जाते.
दोनशेच्या एकशेवीस बाटल्या करते.
'परिषद, व्हिएन्ना, विमानभाडं' खोडते,
जरा थांबून.
खरं सांगायचं तर बराच वेळ थांबून.
कोट घालून बर्फात उभी असलेली मी
मनात केव्हाचीच फोटो काढून ठेवली होती.

चार टक्क्यांवर अर्ज गेला.
'मिळाला. निर्णय सात महिन्यांनी.'
आणि पडदा काळा.

पहाटे किनाऱ्यावर त्यांना सांगितलं.
ते जाळ्यातला काटेरी पाला वेचत होते.
सहसंशोधक म्हणजे, म्हणाले,
आजच्या पेट्रोलचे निम्मे मी द्यायचे की काय?
मी खिसा चाचपला. त्यांनीही.

रात्रीतून जलपर्णी पुन्हा काठाला लागली होती.
बोट पाण्यात ढकलायला
दोघं लागतात.