निरंक

शिमगा चार दिवसांवर होता
तेव्हा बालाघाटावर आभाळ आलं, आणि
अर्ध्या तासात
धारूरच्या तहसिलीमागं, तारेच्या कुंपणात
माझ्या पर्जन्यमापकाचं नरसाळं
गारांनी काठोकाठ भरलं.

बावीस वर्षं मी सकाळी साडेआठला इथं येतो.
कुलूप, बाटली, मोजपात्र, वही.
पाऊस मोजताना हात थांबत नाही.
गार मोजताना थांबतो.
गार म्हणजे अजून पाणी नव्हे
आणि वहीत रकाना आहे तो फक्त पाण्याचा.

रीत अशी :
मापून कोमट पाणी ओतायचं,
गारा विरू द्यायच्या,
सगळं मिळून मोजायचं
आणि आपण ओतलेलं वजा करायचं.
देगलूरकडचे एक नायब तहसीलदार होते जुने,
त्यांनी शिकवलं, बशीत चहा ओतता ओतता :
“आपली ऊब हिशेबात धरायची नसते, सारंगधर.”

मथुरानं किटलीत पाणी दिलं.
बोट बुडवून बघितलं,
तान्ह्याच्या अंघोळीचं असतं तेवढंच.
ओतलं.
गारा कुरकुरल्या, एकमेकींना चिकटल्या,
मग एकेक सुटत गेली.
बोराएवढ्या बहुतेक. एक लिंबाएवढी,
पोटात पांढरं बुबुळ असलेली,
ती शेवटपर्यंत माझ्याकडं बघत राहिली.

पळसाची एक पाकळीही सापडली तळाशी.
पाणी किंचित केशरी झालं होतं.
रंगाला रकाना नाही.

कुंपणापलीकडं लतीफ
पिंपळाखालचे मेलेले राघू गोळा करीत होता,
चोची एका बाजूला, शेपट्या एका बाजूला,
भेंडीची जुडी लावावी तसे.
पोरं गारा खात होती.
कामून खाता रे, म्हटलं,
तर म्हणाली, संपायच्या आत.

रात्री परमेश्वराचा फोन आला.
पुतण्या माझा. नाव आजीनं ठेवलेलं.
कारगिलकडं कुठंतरी असतो, नेमकं सांगत नाही.
“काका, इकडं कमरेएवढा बर्फ,
मार्च असून.
रस्ता उघडला की निघतो.”
मी म्हटलं, आमच्याकडंही पडला, अकरा मिलिमीटर.
तो एवढा हसला
की मधेच रेंज गेली.

पाडव्यापर्यंत सगळं उलटलं.
वारा मावळतीकडून फिरला नि कोरडा झाला.
ज्या उतारावर परवा पांढरं अंथरलं होतं
तिथं कुसळं उभी राहिली, पायजम्यात शिरायला लागली.
सीताफळींच्या उघड्या फांद्यांवर गारांचे वण,
वाळून काळे पडलेले.
किल्ल्याचा दगड संध्याकाळी हात ठेववेना.
लोखंडी कुलपाला मी रुमाल गुंडाळून चावी लावू लागलो.
आणि वहीत
निरंक.
निरंक.
रविवार, निरंक.
नरसाळ्यात कोळ्यानं जाळं विणलं,
मी ते रोज काढतो, तो रोज विणतो,
आमच्यात भांडण नाही.

चैत्र सरता सरता परमेश्वर आला.
परळीला उतरून, एसटीनं, उभ्यानं.
ओठ फुटलेले, नाकाचं कातडं निघालेलं,
इथल्या उन्हानं नाही, तिथल्या.
पिशवीतून पाण्याची एक बाटली काढली.
“निघताना बर्फ भरला होता, काका.
दिल्लीपर्यंत मधे खडा होता एक.”

दोघं कुंपणात गेलो.
“ओतू?”
शासकीय यंत्र आहे, मी म्हणालो,
आणि नरसाळ्यावरचं जाळं बाजूला केलं.

घळघळ नाही झाली. नुसती वळत गेली धार.
मोजपात्र डोळ्यांच्या रेषेत धरलं,
सवयीनं श्वास रोखला.
सहा पूर्णांक दोन.
तो जवळ येऊन बघत होता,
घामेजलेला, लहानपणी यायचा तसा वास त्याला.

मग रीतीप्रमाणं
आपण ओतलेलं वजा केलं.

त्यानं वहीत वाकून वाचलं,
काही बोलला नाही.
मी मोजपात्र लिंबाच्या बुडाशी रितं केलं.
माती फस्सकन बोलली,
आणि मुंग्यांची एक रांग
जरा वळसा घालून गेली.