समोरची डावी बाजू

खड्ड्यात चाक उतरलं की डावीकडून येतो एक आवाज,
तळच्या सप्तकातल्या सैल पट्टीसारखा, ठक्,
आणि मागोमाग त्याचाच धाकटा भाऊ.
मी पियानो लावते. चौतीस वर्षं.
वरूझानला म्हटलं, आवाज दोन आहेत, एक नाही.
तो गाडीखालूनच म्हणाला,
बाई, जॅकऐवजी तुमचे कानच लावायला हवेत इथं.

ओपेल सत्त्याण्णवची. मेव्हणा रोस्तोवला गेला
तेव्हा किल्ली टेबलावर ठेवून गेला,
किल्लीखाली वाण्याची उधारी.
डिकीत माझी पेटी, तारांची भेंडोळी, लोकरीचे मोजे.
ग्युम्रीपासून आशोत्स्कपर्यंत
शाळाशाळांतले म्हातारे पियानो
या चार चाकांची वाट बघत बेसूर होतात.

लिफाफ्यात एक लाख दहा हजार द्राम.
वरूझाननं सिगारेटच्या खोक्याच्या पाठीवर मांडलं:
पुढचे शॉकअब्सॉर्बर, घ्यायचे तर जोडीनंच,
एक नवा एक जुना घातला
तर गाडी एका अंगानं रुसून चालते.
जर्मन, चौऱ्याऐंशी हजार.
तुर्की, छत्तीस.
आणि मागच्या अंगणात, कापून आणलेल्या गाड्यांतले, तीस.
"हेही जर्मनच. फक्त आधी कुणाचे तरी होते."
मी एक दाबून पाहिला.
दांडा आत गेला
आणि वर यायचं विसरला.

मग बाकीचं. लिंक नऊ. बुश बारा, त्यातले बरे.
वरचे माउंट बारा. मजुरी वीस.
चाकं सरळ करून घ्यायचे आठ.
"माउंट जुनेच राहू देत का?"
"राहू देत की. वर्षभरानं पुन्हा सगळं उघडायला या,
येताना हेच वीस घेऊन या."
जर्मन घेतले तर पस्तीस हजार कमी.
मी बेरीज तीनदा केली. तिन्ही वेळा ती बरोबर आली.

तुर्की माल म्हणजे
माझ्या गच्चीतून दिसतात त्या डोंगरांपलीकडचा.
मधली सरहद्द बंद, म्हणून तो जॉर्जियाचा वळसा घालून येतो,
दोन दिवसांचा प्रवास, तासाभराच्या अंतरासाठी.
माझी आई असती तर ते खोकं तिनं घरात येऊ दिलं नसतं.
मी खोकं उघडलं. तेलाचा वास. स्वच्छ वेल्डिंग.
दाबला तर सावकाश, मानानं, वर आला.

या गावात हादरा हा शब्द कुणी सहज उच्चारत नाही.
अठ्ठ्याऐंशीच्या डिसेंबरात मी शिकाऊ होते,
तारांचं पार्सल सोडवायला स्टेशनावर गेले होते,
म्हणून आहे.
वरूझान तेव्हा जन्मलाही नव्हता.
तो या भागाला अमोर्तिझातोर म्हणतो,
रशियन शब्द, त्यात काही हलत नाही.

शेवटी छत्तीसवाले घेतले.
बुश आणि माउंट मात्र बरे तेच, त्यात हात आखडला नाही.
पियानोतही हेच बघत आले:
लोक तारांवर पैसे घालतात आणि फेल्ट कुजू देतात.
उरले तेरा हजार.
मागचे शॉक पुढच्या वर्षी, असं दोघंही म्हणालो.
दोघंही गेल्या वर्षी हेच म्हणालो होतो.

संध्याकाळी बेकरीसमोरचा तो ओळखीचा खड्डा.
चाक उतरलं, चढलं.
थोरला नाही. धाकटाही नाही.
त्या रिकाम्या जागेत, अगदी बारीक,
डिकीतून काहीतरी किणकिणलं:
पेटीतला ट्यूनिंग फोर्क, पक्कडीला लागून,
किती वर्षांपासून वाजतोय कोण जाणे.
पुढच्या खड्ड्यात मी चाक मुद्दाम घातलं.