खडा

बुटात खडा गेला असं वाटून
अलका चौकात थांबलो,
खांबाला धरून बूट काढला, आपटला.
काही पडलं नाही.
मोजासुद्धा उलटा करून पाहिला.
मागून एक स्कूटरवाली म्हणाली,
काका, फुटपाथ चालायला असतो.
ती स्वतः फुटपाथवरच होती, गाडीसकट.

तीन महिने हाच उद्योग.
रात्री तर पायात बूटच नसायचा,
तरी तिसऱ्या-चौथ्या बोटाच्या मधे
कोणीतरी उघडी वायर टेकवून जायचं.
शालन म्हणाली, तेल लावा.
लावलं. खडा तेलकट झाला, इतकंच.

एरंडवण्यात डॉक्टर तांबोळींनी
पाऊल दोन्हीकडून पिळलं, लिंबू पिळावं तसं,
आणि आत टक् झालं.
मी टेबलावरून उडालो.
त्या मात्र खूश.
खडा नाही, नस आहे, म्हणाल्या,
हाडांच्या मधे चेंगरून जाड झालीये.
काम काय करायचात?

एकेचाळीस वर्षं लक्ष्मी रोडवर, बुटांच्या दुकानात.
चवड्यांवर उकिडवा,
आणि पायात दुकानातलेच टोकदार,
कारण विकतो ते घालायचं, हा मालकांचा नियम.

हे सांगितलं.
हे नाही सांगितलं की
गिऱ्हाईक म्हणायचं, बोटं दाबतात हो,
आणि मी शूहॉर्ननं टाच आत सरकवत म्हणायचो,
चामडं आहे, वापरून सैल होईल.
नवऱ्या मुलांना. शाळेच्या पोरांना.
एका बाईंना, मास्तरीण होत्या कुठेतरी,
ज्या आठवड्यानं लंगडत परत आल्या बिल घेऊन,
आणि आमच्याकडे वापरलेला माल
बदलून मिळत नसे.

वापरून कमी होईल का हे? मी विचारलं.
नाही, म्हणाल्या. जागा दिलीत तर.
रुंद पंजाचे बूट, आत एक छोटी गादी,
बोटांखाली नाही, जरा मागे,
म्हणजे हाडं फाकतील.
सहा आठवडे बघू. मग इंजेक्शन.
सुरी अगदी शेवटी.

तर आज मी गिऱ्हाईक.
मिसरूड फुटलेला पोरगा पुढ्यात उकिडवा.
दाबतोय रे, मी म्हणालो.
होईल काका सैल, वापरून.

मी पाय त्याच्या हातातून काढून घेतला.
रुंद दाखव, म्हणालो.
त्यानं उसासा टाकला, वर पाहिलं.
माळ्यावर, डावीकडे, सगळ्यात मागे.
मला माहीत आहे.
शिडी लावावी लागते.