उष्टं

गणेशखिंडीच्या प्रयोगशाळेत
पाण्याचा पेलासुद्धा घरून आणणारे चांदोरकर
बाटली टेबलावर ठेवतात.
"थिजलाय. साखर घातलीय ना?"

नाही हो. डिसेंबरात मध असाच थिजतो.
हा करंजाचा, विद्यापीठाच्या रस्त्यावरचा.
एकीनं पोटातून आणला,
दुसरीच्या तोंडात दिला,
तिनं तिसरीच्या,
मग रात्रभर पंखांनी वारा घालघालून पाणी उडवलं,
वर मेणाचं झाकण.

"म्हणजे उष्टाच की!"

हो. कितीक तोंडांचं उष्टं,
तरी पंचामृतात चालतं.

"आणि पौष्टिक?"

चमचाभरात वीसेक कॅलरी.
जीवनसत्त्वं नावापुरती.

ते गप्प.
झाकणाला चिकटलेला मध बोटानं निपटतात,
इकडेतिकडे बघतात.

मी वहीत ओलाव्याचा आकडा लिहीत राहते,
जरा जास्तच वेळ.