थापेचा माथा

वेंगुर्ल्याच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्यावरची खोली.
भिंतींना काथ्याच्या गाद्या, दारामागे गोणपाट,
तरी खालचा कॉम्प्रेसर तळव्यांतून वर येतोच.
म्हणून रेकॉर्डिंग रात्री साडेअकरानंतर,
लाद्या भरून शेवटचा टेम्पो गेला की.

चार प्लगिन उतरवलेत. चौदा दिवस फुकट.
चौघांनाही बटणं तीच: अटॅक, सस्टेन.
एकाचा पडदा जुन्या रेडिओसारखा पिवळा,
एकाचा इतका कोरा की उगाच विश्वास बसतो.
म्हणून पातळी चौघांची सारखी केली,
कारण मोठं ते नेहमीच गोड लागतं, जत्रेतही आणि इथेही.
नावांवर चिकटपट्टी लावली
आणि डोळे मिटून
एकच थाप दोनशे वेळा ऐकली.

थाप म्हणजे केवढीशी?
तळवा शाईला टेकलाय आणि चामडं अजून बोललेलं नाही,
तेवढी.
बाकी सगळं तिच्या मागून येतं:
कणकेचा ओला घुमारा, खोली, माणसाचं वय.

पहिल्याने थापेचा खिळा केला.
दुसरा बरा, पण झांजा आल्या की गांगरतो,
कुणाला पुढे काढावं कळत नाही त्याला,
डबलबारीतल्या नवख्या पंचासारखा.
चौथा माझ्या लॅपटॉपला झेपत नाही.

तिसऱ्याचं सांगतो.

बाबल केळुसकर खालीच बर्फ फोडतो.
चाळीस वर्षं भजनात पखवाज.
गेल्या चैत्रात लादी घसरली उजव्या हातावर.
बोटं जुळली. उठतात उशिरा.
पडद्यावर दिसतं ते: थापेचा चढ
ओहोटीनंतरच्या पुळणीसारखा सपाट.

तो वर आला, हात लुंगीला पुसत,
खुर्ची असून उभाच राहिला.
पहिला लावला.
"ह्यो हात माजो न्हय."
दुसरा. नुसती मान हलवली.
तिसऱ्याचा अटॅक मी वाढवला, तीनच डेसिबल,
सस्टेनला बोट लावलं नाही.

बाबल खिडकीकडे गेला.
दीपगृहाचा झोत येऊन गेला, परत आला.
"ह्यो माजो होतो," म्हणाला.

मी बायपास दाबलं, सोडलं, दाबलं.
होतो. आसा. होतो.

मग किंमत विचारली त्याने.
किती लाद्या होतात ते बोटांवर मोजलं,
पाचव्या बोटाशी अडकला आणि हसला.
"वायच मागे घे. दीडार ठेव.
सगळो हात परत दिलंस
तर मंडळी माका विचारतली, खंयचो रे ह्यो?"

दीडावर ठेवलं.
वहीत तिसऱ्यापुढे खूण करायची राहूनच गेली.
तो जिना उतरला, थोड्या वेळाने कॉम्प्रेसर सुरू झाला.
माइक उघडाच राहिला होता:
पडद्यावर एक बारीक, लांबच लांब थरथर,
तिला कुठेच माथा नव्हता.