दोन्ही डावे

खोका उघडला तर दोन्ही डावेच निघाले.
आर्व्होनं एक उजव्या बाजूला धरून पाहिला,
मग उलटा धरून, मग चष्मा कपाळावर सरकवून.
डावा तो डावाच.

मी दारात उभी. कोटाची बटणं काढली नव्हती,
म्हणजे बसायला आले नव्हते.
त्याचं टपाल अजून अधूनमधून माझ्या पत्त्यावर येतं.
दातांच्या डॉक्टरचं कार्ड, युनियनचं पत्र,
आणि या खेपेला हा जड खोका.

ब्यूटमध्ये एप्रिल असतो तो कॅलेंडरवर.
गॅरेजच्या तोंडाशी बर्फाचा काळपट ढीग,
वर टेकडीवर बंद खाणीचा लोखंडी सांगाडा,
आत, चादरीखालून काढलेली ती मोटरसायकल,
एकट्या माणसाची करून ठेवलेली.
अकरा वर्षांपूर्वी, मी गेले त्याच आठवड्यात,
त्यानं मागचे फूटपेग काढून टाकले होते.
कायसानं फोनवर सांगितलं,
बाबानं तुझी पाय ठेवायची जागाच काढली, आई.
मी म्हटलं, बरं झालं, तेवढंच वजन कमी.

बोल्टच्या भोकांत कुंभारमाशीनं घर केलं होतं.
त्यानं ती माती दातकोरण्यानं उकरली,
हळू, आत अजून कुणी राहत असल्यासारखी.
मग तेल. मग वाट पाहणं.
मग आटे साफ करायचं हत्यार
अर्धा फेरा पुढे, पाव मागे,
अर्धा पुढे, पाव मागे.
"सरळ रेटलं की आटे मरतात," तो म्हणाला.
लग्नात हे त्याला माहीत नव्हतं.
मला तरी कुठे होतं म्हणा.

पेग कंपनीचे नाहीत, ओहायोतल्या कुठल्याशा शेडमधले.
मूळच्यापेक्षा दोन इंच खाली, जरासे पुढे.
"गुडघ्यासाठी," एवढंच बोलला, तेही पान्याकडे बघत.
माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल
मी त्याला अवाक्षर सांगितलेलं नाही.
कायसाच्या तोंडात तीळ भिजत नाही.

पिन घालताना स्प्रिंग सुटली,
माझ्या बुटावर आपटून फ्रीजखाली गेली.
साठी उलटलेली दोन माणसं गुडघ्यांवर,
म्हणजे एक गुडघ्यांवर, दुसरी टॉर्च धरून.
फ्रीजखालून निघालं ते असं:
स्प्रिंग, बिअरची तीन बुचं,
आणि दहा नंबरचा तो सॉकेट,
ज्याच्यावरून आम्ही एकदा
अख्खा आठवडा अबोला धरला होता.
तू हरवलास. नाही, तू.
त्यानं तो पँटला पुसला आणि खिशात टाकला.
त्याबद्दल कुणीच काही बोललं नाही.

निळ्या गोंदाचा थेंब, टॉर्कचा पाना, टिक्.
पेग खाली पाडला की ठक्.
वर दुमडला की ठक्.
त्यानं तो उगाचच सात-आठदा वाजवला.

"उजवा बदलून यायला नऊ दिवस लागतील," तो म्हणाला.
आणि थोड्या वेळानं,
"बसून तर बघ. चालू करत नाही."

मी कोटाची खालची दोन बटणं काढली,
फक्त पाय टाकता यावा म्हणून.
डावा पाय पेगवर बसला. गुडघा वाकला,
दुखला, पण सांगण्याइतका नाही.
उजवा आपला लोंबकळत राहिला.
त्यानं इकडेतिकडे पाहिलं,
रंगाचा रिकामा डबा आणून उपडा घातला
आणि माझ्या टाचेखाली सरकवला.
पोचेना. खाली एक वीट घातली. पोचला.

मग तो पुढे चढून बसला.
समोर फ्रीज, त्याच्या दारावर टायरवाल्याचं जुनं कॅलेंडर.
दोघं त्याच्याकडे बघत होतो
रस्ता असल्यासारखे.

"उजवा कुठल्या पत्त्यावर मागवणार?"
मी त्याच्या पाठीला विचारलं.

त्यानं हँडल थोडं डावीकडे वळवलं, परत सरळ केलं.
"तुझ्याच," म्हणाला.
"त्यांच्याकडे तोच लिहिलेला आहे."